अपडेटनंतर मॅकमध्ये अनोळखी डिस्क इमेज दिसतात? या चुका टाळा

मॅकओएसचं मोठं अपडेट झालं, मशीन पुन्हा सुरू झालं आणि कोणी सहज डिस्क युटिलिटी (डिस्क सांभाळणारं मॅकचं ॲप) उघडली, की डाव्या पट्टीत 'डिस्क इमेजेस' (डिस्कसारख्या जोडल्या जाणाऱ्या फाइल) या मथळ्याखाली काल नसलेली चार-सहा नावं दिसतात. नावंही घाबरवणारी: क्रीडन्स किंवा रिव्हायव्हल असा एखादा शब्द, त्याला चिकटलेले आकडे, मग कॅपिटल अक्षरांची लांबलचक ओळ आणि शेवटी 'क्रिप्टेक्स'. "हाई काय शे भो?" असा प्रश्न जळगावपासून नंदुरबारपर्यंत सगळीकडून येतो. वाईट एवढंच, की तो येईपर्यंत बहुतेक वेळा काहीतरी पुसून झालेलं असतं.

म्हणून आधी उत्तर. २०२२ च्या मॅकओएस व्हेंचुरापासून ॲपलने सिस्टिमचे काही भाग मुख्य व्हॉल्यूममधून (डिस्कवरच्या कप्प्यातून) काढून वेगळ्या इमेजमध्ये ठेवले आहेत. या इमेजवर ॲपलची डिजिटल सही असते आणि त्या फक्त वाचता येतात, त्यांत काही लिहिता येत नाही. यांनाच क्रिप्टेक्स म्हणतात. सफारी अशाच एका इमेजमध्ये असतं. सफारीत धोकादायक भोक सापडलं तर सगळी सिस्टिम नव्याने सील न करता तेवढी इमेज बदलता येते, हा त्यामागचा हेतू. १ मे २०२३ ला मॅकओएस १३.३.१ साठी अशी पहिली तातडीची दुरुस्ती आली. पुढे मॅकओएस सेक्वोयाच्या १५.१ पासून ॲपल इंटेलिजन्स आलं आणि त्याची मॉडेलंही याच पद्धतीने, इमेजच्या रूपात, मशीनमध्ये उतरू लागली. नावात 'यूसी, एफएम' ही अक्षरं दिसली तर ती इमेज बहुधा या मॉडेलांपैकी. नावात 'सिक्युअर पीकेआय ट्रस्ट स्टोअर' असेल तर ती वेबसाइटची प्रमाणपत्रं तपासणाऱ्या यादीची. दोन्ही ॲपलच्याच आहेत.

चूक पहिली : दिसली की इरेज

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून हिच्यावर थांबतो.

लग्नसराईतला फोटो स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. ॲपलच्या एम-मालिकेची चिप असलेला मॅक मिनी, त्याला लावलेली ४ टीबीची बाहेरची डिस्क, डिस्कवर वैशाखातल्या लग्नांचं कच्चं फुटेज. रात्री अपडेट झालं. सकाळी डिस्क युटिलिटीत नवी नावं दिसली. 'इरेज' दाबून पाहिलं, जमलं नाही. इमेज केवळ वाचण्यापुरती, पुसणार कशी? मग यूट्यूबवर दोन मिनिटांचा व्हिडिओ सापडतो. त्यातला माणूस टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडतो, 'डिस्कयूटिल इरेजडिस्क' लिहितो आणि शेवटी 'डिस्क४' देतो. स्टुडिओतला मुलगा तेच अक्षर न् अक्षर उतरवतो. व्हिडिओतल्या मॅकवर डिस्क४ ही इमेज होती. स्टुडिओतल्या मॅकवर डिस्क४ म्हणजे ती ४ टीबीची डिस्क.

डिस्कचे हे क्रमांक कायमचे नसतात. जी डिस्क किंवा इमेज आधी जोडली गेली तिला आधीचा आकडा मिळतो. एम-मालिकेच्या मॅकवर शून्य ते तीन हे आकडे सहसा आतल्या एसएसडीच्या भागांना आणि कंटेनरना (व्हॉल्यूम ठेवणाऱ्या डब्यांना) जातात. चारपासून पुढे काय येईल ते केबल कधी लावली, इमेज कधी जोडली गेली, यावर ठरतं. काल डिस्क४ असलेली वस्तू आज रीस्टार्टनंतर डिस्क६ असू शकते. शिवाय ही आज्ञा 'खरंच पुसू का?' असं विचारतही नाही. एंटर दाबलं की संपलं.

असं झालंच तर डिस्क ताबडतोब काढा आणि तिच्यावर एकही फाइल लिहू नका. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर नुसत्या इरेजने जुना डेटा जागेवरच राहतो, फक्त त्याची यादी जाते. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या डिस्कवर बसवून बरंचसं परत काढता येतं. एसएसडी असेल तर आशा कमी. 'आधी फॉरमॅट करून बघू, मग रिकव्हर करू' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

माझी सवय साधी आहे. अपडेटला हात लावण्याआधी बाहेरच्या सगळ्या डिस्क इजेक्ट करायच्या आणि केबलसकट बाजूला ठेवायच्या. मग डिस्क युटिलिटीत 'व्ह्यू' मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडून त्या पट्टीचा स्क्रीनशॉट घ्यायचा. अपडेटनंतर पुन्हा एक. दोन्ही शेजारी ठेवले की नवं काय ते कळतं, आणि त्या वेळी पुसण्यासारखं काही जोडलेलंच नसतं. पाच मिनिटांचं काम आहे. घाईतल्या माणसाला तेवढंही जास्त वाटतं, याचं खरंच वाईट वाटतं.

चूक दुसरी : नाव वाचायचं, पत्ता नाही

केळीच्या बुडाशी पील दिसलं म्हणून खान्देशात कोणी लगेच कोयता चालवत नाही. पिलबाग (पिलापासूनचं पुढचं पीक) धरायची आहे का ते आधी पाहतात. इथेही इमेज कुठे माउंट झाली, म्हणजे कोणत्या पत्त्यावर जोडली गेली आहे, ते आधी पाहा. डिस्क युटिलिटीत त्या इमेजखालचं व्हॉल्यूम निवडा. उजवीकडे 'माउंट पॉइंट' दिसतो. न दिसल्यास वरचं 'इन्फो' दाबा.

पत्त्यात 'क्रिप्टेक्सडी' हा शब्द असेल तर ती सिस्टिमची, हात लावायचा नाही. पत्ता 'सिस्टिम'मधल्या 'व्हॉल्यूम्स'ने सुरू होत असेल तर तेही मॅकओएसचंच घर. 'लायब्ररी, डेव्हलपर, कोअरसिम्युलेटर' असा पत्ता म्हणजे एक्सकोडचं (ॲप बनवण्याच्या ॲपलच्या साधनाचं) सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली आयफोन. आणि नुसत्या 'व्हॉल्यूम्स'खाली, फाइंडरच्या पट्टीत इजेक्टच्या खुणेसह दिसत असेल, तर ती तुम्ही किंवा तुमच्या एखाद्या ॲपने जोडलेली. चौकशी करायची ती या शेवटच्या गटाची.

यावरही शंका राहिली तर मॅक एकदा रीस्टार्ट करा. डाउनलोड केलेल्या ॲपची उघडी राहिलेली इमेज रीस्टार्टनंतर आपोआप परत जोडली जात नाही. जी परत आली ती एकतर सिस्टिमची, नाहीतर लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमची. प्रोग्रॅमची यादी 'सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, लॉगिन आयटम्स' इथे मिळते.

चूक तिसरी : जागा मिळवण्यासाठी एसआयपी बंद करणं

२५६ जीबीचा मॅक घेतलेले लोक या वाटेने जातात. इमेज पुसता येत नाही, म्हणून रिकव्हरीत (मॅकच्या दुरुस्तीच्या मोडमध्ये) जाऊन सिस्टिमचं संरक्षण, म्हणजे एसआयपी, बंद करतात आणि मग ॲसेटच्या, म्हणजे या इमेज ठेवलेल्या, फोल्डरमधल्या फाइल उडवतात. मिळतं काय? मशीनला तीच गोष्ट पुन्हा हवी असते, म्हणून ती पुन्हा डाउनलोड होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर दिवसाचा डेटा त्यातच जातो. आणि संरक्षण बंद ते बंदच राहतं, कारण पुन्हा चालू करायला कोणी रिकव्हरीत जात नाही.

ॲपल इंटेलिजन्ससाठी सुमारे ७ जीबी मोकळी जागा लागते असं ॲपल सांगतं. ते नको असेल तर सरळ मार्ग आहे: 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'ॲपल इंटेलिजन्स अँड सिरी' उघडून ते बंद करा. जागा त्याच क्षणी मोकळी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. इंटेलच्या मॅकवर ॲपल इंटेलिजन्स चालतच नाही, तिथे ही चिंता नको.

खरी जागा खाणारं बहुतेक वेळा दुसरंच असतं. ॲप्लिकेशन्समध्ये पडून राहिलेलं 'इन्स्टॉल मॅकओएस' हे ॲप एकटंच १२ जीबीच्या पुढे जातं. ते उघडलं की 'शेअर्ड सपोर्ट' नावाची इमेज जोडली जाते, तिलाही लोक व्हायरस समजतात. इन्स्टॉलर बंद करा, इमेज इजेक्ट करा, गरज नसेल तर ॲप ट्रॅशमध्ये टाका.

एक्सकोड वापरणाऱ्या इंजिनीअरिंगच्या मुलांनी सिम्युलेटरच्या इमेज फोल्डरमधून ओढून टाकू नयेत. एक्सकोडच्या सेटिंग्जमध्ये 'कंपोनंट्स'मध्ये (जुन्या आवृत्तीत 'प्लॅटफॉर्म्स') जाऊन नको ते रनटाइम (सिम्युलेटरला लागणारी आयओएससारखी सिस्टिम) काढावं. एकेक रनटाइम अनेक जीबीचं असतं, सगळ्यात मोठी बचत इथेच होते.

छोट्या चुका

भाग आणि इमेज यांत गल्लत. एम-मालिकेच्या मॅकवर आतल्या एसएसडीवर साधारण ५२४ एमबीचा एक आणि ५.४ जीबीचा एक असे दोन भाग मुळापासून असतात. पहिला स्टार्टअपचा, दुसरा रिकव्हरीचा. प्रीबूट, व्हीएम, अपडेट ही व्हॉल्यूमंही नेहमीची. अपडेटने यांतलं काही नवं आणलेलं नाही, तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत इतकंच.

ॲप इमेजमधूनच चालवणं. ॲप आधी ॲप्लिकेशन्समध्ये ओढा, मग इमेज इजेक्ट करा. नाहीतर अपडेटच्या रीस्टार्टनंतर डॉकमध्ये प्रश्नचिन्ह दिसतं आणि 'अपडेटने ॲप खाल्लं' अशी तक्रार होते.

नेटवर्कवर टाइम मशीनचा बॅकअप घेत असाल तर बॅकअप चालू असताना त्याची इमेज जोडलेली दिसते. जबरदस्तीने इजेक्ट करू नका, बॅकअप खराब होतो.

यूपीएसशिवाय अपडेट. आयमॅक आणि मॅक मिनीला बॅटरी नसते. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. यूपीएस लावा आणि अपडेट पहाटे किंवा रात्री उशिरा करा. अर्ध्यात थांबलेल्या अपडेटनंतर जे दिसतं त्याचा अर्थ लावणं फार अवघड असतं.

चूक चौथी : खरा धोका ओळखता न येणं

ॲपलच्या इमेजवर कुऱ्हाड चालवणारे लोक खोट्या अपडेटच्या इमेजला मात्र सहज पासवर्ड देतात, आणि हे थांबायला हवं. मॅकओएसचं अपडेट 'सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट' इथूनच येतं; पूर्ण इन्स्टॉलर ॲप स्टोअरवरून. ब्राउझरमध्ये झळकलेल्या पानावरून डाउनलोड झालेली डीएमजी (डिस्क इमेजची) फाइल अपडेट नसते. फ्लॅश प्लेअर तर अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं, त्याचं 'अपडेट' म्हणजे हमखास फसवणूक.

खूण अशी: इमेज डेस्कटॉपवर दिसते, उघडली की आत सूचनांचं चित्र असतं. 'राइट-क्लिक करून ओपन करा', 'ही ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा', 'मॅकचा पासवर्ड द्या'. ॲटॉमिक स्टीलरसारखे मालवेअर याच पद्धतीने शिरतात आणि ब्राउझरमधले पासवर्ड व कीचेन (मॅकची पासवर्डची तिजोरी) घेऊन जातात. राइट-क्लिकने मॅकची सुरक्षा-तपासणी टाळायची ही पळवाट ॲपलने सेक्वोयात बंद केली, त्यामुळे टर्मिनलमध्ये ओळ चिकटवायला लावण्याचा प्रकार आता जास्त आढळतो.

पासवर्ड दिला नसेल तर इमेज इजेक्ट करून फाइल डाउनलोड्समधून काढा, पुरे. दिला असेल तर आधी वाय-फाय बंद. मग दुसऱ्या यंत्रावरून, म्हणजे फोनवरून, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि सगळीकडचं लॉगिन बाद करा. बाधित मॅकवरून पासवर्ड बदलले तर नवेही तिकडेच जातात. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. त्यानंतर मॅक पूर्ण पुसून मॅकओएस नव्याने बसवणं मी योग्य मानतो. क्लीनर ॲपवर भरवसा ठेवून तेच मशीन बँकेसाठी वापरत राहणं मला पटत नाही.

विंडोजवाल्यांसाठी

खान्देशातल्या डीटीपीच्या दुकानांत आणि सेवा केंद्रांत विंडोजच जास्त, म्हणून हेही. एप्रिल २०१८ च्या विंडोज १० अपडेटनंतर अनेक कॉम्प्युटरवर सुमारे ४५० एमबीचा नवाच ड्राइव्ह उगवला आणि 'जागा संपली' असा इशारा सारखा येऊ लागला. ती इमेज नव्हे, लपलेल्या रिकव्हरी विभागाला चुकून मिळालेलं अक्षर. असं पुढेही कुठे दिसलं तर विभाग डिलीट करू नका, फक्त अक्षर काढा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो पर्याय रिकव्हरी विभागाला मिळत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'डिस्कपार्ट' चालवा, 'लिस्ट व्हॉल्यूम'ने यादी पाहा, आकार आणि अक्षर दोन्ही जुळवून त्या व्हॉल्यूमचा क्रमांक 'सिलेक्ट व्हॉल्यूम'ला द्या, आणि 'रिमूव्ह लेटर' लिहून बरोबरचं चिन्ह व ते अक्षर द्या. 'क्लीन' ही आज्ञा इथे चुकूनही नको, ती अख्खी डिस्क रिकामी करते.

हा विभाग ज्यांनी उडवला किंवा फार लहान ठेवला, त्यांतल्या अनेकांना जानेवारी २०२४ मध्ये फटका बसला. त्या महिन्याच्या विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटला रिकव्हरी विभागात २५० एमबी मोकळी जागा लागत होती, आणि ती नसेल तर ०एक्स८००७०६४३ हा एरर यायचा. अक्षर काढून झाल्यावर त्याच खिडकीत 'एक्झिट'ने डिस्कपार्टमधून बाहेर पडा आणि 'रीएजंटसी', मग तिरकी रेघ देऊन 'इन्फो' लिहा. स्टेटस 'एनेबल्ड' दिसलं तर रिकव्हरी शाबूत आहे. 'डिसेबल्ड' असेल तर 'इन्फो'च्या जागी 'एनेबल' लिहून पुन्हा तपासा.