लेसरने चष्मा घालवताय? या चुका टाळा

‘लॅसिक करू की स्माइल?’ डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. लॅसिक आणि स्माइल या लेसर ऑपरेशनच्या दोन पद्धती. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मशीन आधी ठरतं आणि कॉर्नियाची तपासणी मागाहून होते.

कॉर्निया म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, बहुतेकांची 500 ते 550 मायक्रॉन. याच पडद्याचा थर कमी करून लेसर नंबर घालवतो, आणि गेलेला थर पुन्हा भरून येत नाही. एका नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन जातात. समजा, तुमचा नंबर उणे 7 आणि जाडी 490 आहे. लॅसिकमध्ये सुमारे 110 मायक्रॉनचा फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा, झाकणासारखा उचलला, खालून 100 गेले, उरले 280. किमान 250 उरायलाच हवेत आणि अनेक डॉक्टर 300च्या खाली जायला तयार नसतात. याच डोळ्याचा नंबर उणे 3 असता, तर हा पेच पडलाच नसता. म्हणून ‘ऑपरेशननंतर माझे किती मायक्रॉन उरतील?’ हे जरूर विचारा.

नुसती जाडी पुरेशी नाही, आकारही बघावा लागतो. कॉर्निया शंकूसारखा पुढे येऊ लागला असेल, तर त्या आजाराला केराटोकोनस म्हणतात, आणि अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर नजर आणखी बिघडते. सुरुवातीला हे आपल्याला जाणवत नाही. टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाचा आकार मोजणाऱ्या तपासणीच्या, रंगीत नकाशात दिसतं. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्यांनी आणि घरात कोणाला हा आजार असलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. कॉन्टॅक्ट लेन्स लावून तपासणीला जाणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदलतो आणि मापं चुकतात. मऊ लेन्स एक-दोन आठवडे आधी बंद करावी लागते, कडक लेन्स त्याहून बऱ्याच आधी.

एका डॉक्टरांनी ‘तुम्हाला लेसर नको’ म्हटलं, की दुसरीकडे जाऊन करून घेणारे लोक आहेत. दुसरं मत जरूर घ्या, पण पहिला स्कॅन सोबत न्या आणि नकाराचं कारण समजून घ्या. कॉर्निया पातळ पण निरोगी असेल, तर फ्लॅप न उचलता लेसरने होणारं पीआरके जमू शकतं. त्यात पहिले काही दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि नजर हळूहळू स्पष्ट होते. नंबर फार मोठा असेल, तर डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स हा चांगला पर्याय आहे.

लग्न ठरलं म्हणून घाई करू नका. गेल्या वर्षभरात नंबर 0.5हून जास्त बदलला असेल तर थांबाच. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हे ऑपरेशन करत नाहीत. सैन्य, पोलीस, रेल्वेची तयारी करणाऱ्यांनी त्या भरतीचे वैद्यकीय नियम आधी वाचावेत. चाळिशीच्या आसपास असाल, तर लांबचा चष्मा गेला तरी वाचायचा लागणार, हे धरून चला.

ऑपरेशननंतर पहिले काही महिने डोळे कोरडे वाटणं आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं सामान्य आहे. थेंब मात्र मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका; स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं. डोळा चोळणं वर्ज्य, फ्लॅप उचलला असेल तर पूर्णच. धुळवड जवळ असेल तर तारीखच पुढे ढकला. डोळा अचानक जोरात दुखला, लाल झाला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. थोडा नंबर उरला असेल, तर तो स्थिर होईपर्यंत काही महिने थांबावं लागतं. लगेच पुन्हा लेसरचा आग्रह धरू नका.

मोठा उणे नंबर असलेल्यांनी चष्मा गेल्यावरही वर्षातून एकदा डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, तपासणी करावी. लेसरने कॉर्निया बदलतो. लांबट डोळ्याचा ताणलेला रेटिना तसाच राहतो.

आणि ऑपरेशनआधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला, तर लेन्सचा नंबर काढायला तेच उपयोगी पडतात. पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचं प्रेशरही खऱ्यापेक्षा कमी दिसतं, म्हणून काचबिंदूच्या तपासणीला जाताना लेसर झाल्याचं आधी सांगा.