गाडीला घरची लाइट घेण्याआधी

आमची गाडी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलरचं केलेलं घर. मागे पलंग, ओटा, छोटा फ्रीज, छतावर सोलर आणि सीटखाली १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. ऊन असलं की कुणाच्या दारात वायर घेऊन जावं लागत नाही. पण रात्री एसी हवा असेल, आभाळ भरलेलं असेल किंवा चार मुक्काम एकाच अंगणात असतील, तर घरगुती लाइट घ्यावीच लागते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आमच्या वाटेवर भेटतात ती होमस्टेची अंगणं, मावशीचं परसदार, फार तर पंपाच्या खोलीतला एखादा पॉइंट. तिथे वायर लावण्याआधी आम्ही जे जे करतो ते खाली लिहितो आहे. यातला निम्मा वेळ प्लगच्या तिसऱ्या, म्हणजे अर्थच्या पिनवर जातो, आणि तो का जातो हे आधी सांगतो.

वेंगुर्ल्याजवळ एका होमस्टेत मे महिन्यात उतरलो होतो. वायर लावली, एसी सुरू झाला, आत सगळं छान. संध्याकाळी बायको अंगणातून अनवाणी आली, पाय ओले, आणि दाराच्या मुठीला हात लावताच तो झटकून मागे आली. “मुंग्या आल्या हाताला.” मी आतून तीच मूठ धरली, मला काहीच नाही. कारण मी पूर्ण गाडीच्या आत होतो. माझ्या हाताला आणि पायाला एकच व्होल्टेज होतं, तारेवरच्या कावळ्यासारखं. तिचा पाय जमिनीवर आणि हात गाडीवर होता. गाडी रबरी टायरवर उभी असते. तिच्या पत्र्याला जमिनीशी जोडणारी एकच गोष्ट, घराकडून आलेली अर्थची वायर. ती तुटलेली असली की बॅटरी चार्जरच्या फिल्टरमधून झिरपणारा नगण्य करंट पत्र्यावर साचून राहतो आणि ओल्या पायाच्या माणसाला झिणझिण्या येतात. एवढ्याने कुणी दगावत नाही. पण त्याच अवस्थेत गाडीतली एखादी फेजची वायर घासून पत्र्याला टेकली असती, तर मूठ पूर्ण २३० व्होल्टची झाली असती.

होमस्टेवाले काका म्हणाले, “अर्थिंग आसा मां, ती काय तुळशीकडे!” होतीच. वायरमन आला, त्याने माती जरा उकरली, तर अर्थिंगची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची वायर जमिनीत शिरते तिथेच गंजून तुटलेली. वरून पाहिलं तर ठणठणीत.

तेव्हा तयारी फोनपासून सुरू होते. बुकिंग करताना मी तीन गोष्टी विचारतो. गाडी उभी राहील तिथून सोळा अँपिअरचा, म्हणजे गीझरचा किंवा पंपाचा जाड पिनचा पॉइंट किती अंतरावर आहे? तो पॉइंट घरच्या इन्व्हर्टरवर तर नाही ना? आणि लाइटच्या बिलावर मंजूर भार किती लिहिलाय? तिसरा प्रश्न लोकांना खटकतो, पण जुन्या घरात तो आकडा फार लहान असतो आणि आपण एसी अधिक इंडक्शन घेऊन दारात उभे राहतो. बिलाचा फोटो मागितला की बहुतेक जण पाठवतात. त्याच वेळी पैशांचंही बोलून घ्यावं: आल्यावर मीटरचा फोटो, निघताना फोटो, किंवा आपला छोटा एनर्जी मीटर, आणि युनिटप्रमाणे हिशेब. फुकट लाइट घेणारा पाहुणा पुन्हा कुणाला नको असतो.

निघण्याच्या दोन दिवस आधी वायर बाहेर काढून अंगणात पूर्ण उलगडायची. आमची वायर तीन कोअरची, तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटर, २५ मीटर. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जाडीवर कंजुषी करू नका, हिशेब सरळ आहे. २५ मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन ५० मीटर तांबं. २.५ च्या वायरीत १० अँपिअर घेतले तर साधारण ४ व्होल्ट वाटेतच जातात. १ चौरस मिलिमीटरच्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डच्या वायरीत तेवढ्याच करंटला १० व्होल्ट जातात आणि १०० वॅटची उष्णता वायरीतच राहते. ती वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर तो हीटरच झाला. म्हणून अंतर पाच मीटर असलं तरी वायर पूर्ण उलगडून ऐसपैस नागमोडी टाकायची. बोटं फिरवून कुठे काप, कुठे चपटी झालेली जागा आहे का बघायची. आमच्या वायरीवर एकदा उंदराचे दात सापडले होते, तेही नेमके प्लगपासून वीतभर अंतरावर.

वायरीच्या गाडीकडच्या टोकाला निळा औद्योगिक कनेक्टर, झाकणाचा. गाडीच्या अंगावर जी उघडी पिन असते ती नेहमी मेलेली बाजू असली पाहिजे, आणि वायरीच्या जिवंत टोकाला भोकं. कुणी दोन्ही बाजूंना पिनवाली वायर करून देतो म्हणाला तर त्याच्याकडून घेऊ नका, फुकट दिली तरी. अर्धवट जोडलेल्या त्या वायरीचं दुसरं टोक म्हणजे हातात धरलेली उघडी फेज. तसंच सहाच्या पॉइंटमध्ये सोळाचा प्लग बसवून देणारं ते चौकोनी कन्व्हर्टर. ते आमच्या डब्यात मुद्दाम नाहीच, म्हणजे रात्री अकरा वाजता मोह होत नाही.

गाडीच्या आत येणाऱ्या लाइटवर पहिल्यांदा डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट भलतीकडून जमिनीत झिरपू लागला की लाइट तोडणारा खटका) हवा. डबल पोल अशासाठी की घराच्या पॉइंटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलट असतील, आणि ते पुष्कळदा असतात, तर सिंगल पोल एमसीबी फक्त न्यूट्रल तोडतो आणि बटण बंद दिसत असताना आत फेज जिवंत राहते. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं. निघण्याआधी घरच्या पॉइंटवर गाडी लावून त्याचं टेस्टचं बटण दाबायचं, खटकन पडला पाहिजे. मात्र आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्ष करायचं नाही. अर्थ चांगली असेल तर दोष होताक्षणी तो पडतो. अर्थ नसेल तर पडायला कुणाचं तरी शरीर मध्ये यावं लागतं. याच्या जोडीला १८० च्या खाली आणि २६० च्या वर लाइट तोडणारं व्होल्टेज प्रोटेक्टर. गावात संध्याकाळी सगळे पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं आणि एसीचा कॉम्प्रेसर घुरघुरतो. त्याहून वाईट म्हणजे डीपीवरची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची न्यूट्रल तुटली तर एका फेजवर ३०० च्या वर चढतं आणि चार्जर धूर सोडतो.

डब्यात मल्टिमीटर, निऑनचा टेस्टर, रबरी तळाच्या चपला, वायरीचा जोड ठेवायला झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि टॉर्च. बास.

पोचल्यावर गाडी लावायच्या आधी पॉइंट बघायचा, कारण पॉइंट नापास झाला तर गाडी दुसरीकडे लावता येते. आधी नाकाने आणि डोळ्यांनी. भोकाभोवती तपकिरी कडं दिसलं, जळक्या बेकेलाइटचा वास आला किंवा प्लग घातल्यावर सैल हलला, तर त्या पॉइंटवर फोन चार्ज करा, गाडी नको. मग मल्टिमीटर. समोरून पाहिलं की वरची मोठी अर्थ, उजवी फेज, डावी न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, इतकं हवं. पण फेज-अर्थचा आकडा नुसता पाहून खूश होऊ नका. डिजिटल मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे तुटलेल्या अर्थवरसुद्धा कधी ६०, कधी ११०, कधी त्याहून बराच मोठा आकडा दाखवतो. खरी परीक्षा भाराखाली, म्हणजे फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून. हे काम मी स्वतः करत नाही. अर्थ तुटलेली असेल तर त्या बल्बमधून घरातल्या फ्रीजच्या, गीझरच्या पत्र्यावर लाइट जाते आणि त्या वेळी स्वयंपाकघरात काकू असतात. गावातला वायरमन बोलवावा, सगळ्यांना बाजूला उभं करून तो ते करतो. घरात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच तो पडतो, आणि ते उत्तम लक्षण.

दुसरी लबाडी अधिक वाईट. काही ठिकाणी अर्थिंग नसतं, मग सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा मारून दिलेला असतो. मीटर सगळं सुंदर दाखवतो. ओळखायची खूण अशी: त्याच लाइनवर किटली किंवा इस्त्री लावायची आणि न्यूट्रल-अर्थ बघायचं. खरी अर्थ असेल तर आकडा थोडा तरी वर सरकतो, कारण भाराने न्यूट्रलवर व्होल्टेज पडतं. तुकडा मारलेला असेल तर शून्य ते शून्यच. अशा पॉइंटवर न्यूट्रल कुठेही सुटली की सगळी गाडी फेजवर. तिथे मी हात जोडतो, सोलरवर भागवतो आणि एसीऐवजी खिडक्या उघडतो.

अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते विचारून बघून यावं. कोकणात जांभ्यात एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडाठाक असतो आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा दम जातो. बादलीभर पाणी ओतावं, यजमानांना विचारून. तुळशीला घालतात तसं रोज.

जोडायचा क्रम ठरलेला आहे आणि आम्ही तो मोठ्याने बोलत करतो. गाडीतला मेन बंद. गाडीचा इन्व्हर्टर बंद, नाहीतर इन्व्हर्टरवर चार्जर आणि चार्जरवर इन्व्हर्टर असा स्वतःचंच शेपूट चावणारा खेळ सुरू होतो. चेंजओव्हर, म्हणजे गाडीला लाइट घराची की इन्व्हर्टरची ते ठरवणारा स्विच, घराकडे. वायर आधी गाडीला लावायची, झाकणाचा खटका बसेपर्यंत. मग पॉइंटचं बटण बंद असल्याची खात्री करून प्लग घालायचा. मग बटण. आता बाहेर जमिनीवर चपला घालून उभं राहून गाडीच्या पत्र्याला टेस्टर लावायचा. दिवा पेटला तर लगेच बटण बंद आणि परत अर्थिंगकडे. नाही पेटला तर आत जाऊन व्होल्टेज बघायचं आणि मेन चढवायचा. गाडी जोडताच घरातला आरसीसीबी पडू लागला तर तो बायपास करून देणारा उत्साही पुतण्या नक्की उगवतो. त्याला चहा द्या, पण हात लावू देऊ नका. कारण बहुतेकदा गाडीतच असतं: इन्व्हर्टरच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेली असते आणि घरची लाइट घेताना ती सुटत नाही.

मग भार, एकेक करून. सोळाच्या पॉइंटवर कागदावर ३६८० वॅट मिळतात, पण मी तासन्‌तास चालणाऱ्या गोष्टींसाठी २५०० च्या पुढे जात नाही, कारण घरातली वायर किती जाड आणि किती जुनी ते भिंतीच्या आत असतं. ४० अँपिअरचा चार्जर साधारण साडेसहाशे, एक टनाचा एसी हजाराच्या आसपास, इंडक्शन एकटं २०००. म्हणजे पोहे होईपर्यंत एसी बंद. आईला हे पटत नाही, “घरी तर सगळं एकदम चालतं,” पण तिने आता गॅसची शेगडी मागून घेतली आहे आणि तो प्रश्न मिटला. अर्ध्या तासाने प्लगला आणि जोडाला हात लावून बघायचा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर भार काढा आणि पॉइंट बदला.

वायर रस्त्यावरून, दाराच्या फटीतून, गाईच्या वाटेवरून नको. जोड डब्यात, जमिनीपासून विटेवर. भिंतीवरच्या पॉइंटपाशी आणि गाडीपाशी वायरीला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत सॉकेटात न जाता झोळावरून टपकतं. वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. लाइट गेली तर मेन पाडायचा आणि परत आल्यावर पाच मिनिटं थांबायचं. येणारी लाइट पहिल्या मिनिटात कशीही उड्या मारते.

निघताना सगळं उलट: आतला भार, मेन, पॉइंटचं बटण, घराकडचा प्लग, आणि सर्वांत शेवटी गाडीकडचा कनेक्टर. मीटरचा दुसरा फोटो. वायर ओल्या फडक्याने पुसत आठाच्या आकड्यात गुंडाळायची. एकदा रेडी गावाकडे निघताना मी वायर लावलेली असतानाच पहिला गिअर टाकला होता, काकांच्या आरोळीमुळे पॉइंट भिंतीत राहिला. तेव्हापासून गाडीची किल्ली वायर टांगायच्या हुकावर असते. वायर त्या हुकावर आली की मगच किल्ली निघते.