तळ्यावर जाताय? आधी कोरडा जोड भरा

पाणी, टोपी, खायचं, चार्ज केलेला मोबाइल, पायात धड बूट. हे तुम्ही घ्यालच, त्यावर बोलत बसत नाही. कोरडे कपडे घ्या. जितकी माणसं निघणार तितके अख्खे जोड, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत, आणि वर घालायला एकेक जाडसर काहीतरी. ‘मी कुठे पाण्यात उतरणार आहे’ म्हणणाऱ्याचाही भरायचा. त्याचा तर आधी.

मागच्या खेपेला आम्हीही उतरणार नव्हतो. तळ्याकाठची पायवाट धरायची, पक्षी बघायचे, मुलांना मोकळं सोडायचं, एवढाच बेत. भाची लाकडी धक्क्याच्या टोकाला पालथी पडून मासे बघत होती. फळीवर ओलं शेवाळ होतं. उठायला गेली, सरकली आणि गेली. पाणी तिच्या छातीएवढंच, त्यामुळे मिनिटभरात बाहेर काढली. ती हसत होती, आम्हीही हसलो. दहा मिनिटांनी ओठ जांभळे, दात वाजतायत, आणि स्वतःच्या जॅकेटची चेन तिला उघडता येईना. चिमटीत धरायची, सुटायची, परत धरायची. कपडे आणले होते, बरं का. गाडीच्या डिकीत होते. गाडी पलीकडच्या काठाला, चालत अर्धा तास. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा कळसा डिकीत आणि वळसा अख्ख्या तळ्याला.

म्हणून जोड पाठीवरच्या पिशवीत. गाडीत नाही. प्रत्येकाचा वेगळा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तोंड घट्ट बांधलेला, कारण पिशवीच पाण्यात पडली तर काय, हा प्रश्न मी आता विचारायला शिकले आहे. एक रिकामी पिशवी ओल्या कपड्यांसाठी. एक पातळ टॉवेल. मोजे दोन जोड. बूट जास्तीचे कोणी वाहत नाही, ठीक आहे, पण मग ओल्या बुटात पाय घालण्याआधी कोरड्या मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा. चालताना कुरकुर वाजतं, वाजू दे.

एवढं डोकं का खाते आहे, तर अंग ओलं असलं की उन्हाचा दिवसही कामाचा नाही. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं. बाहेर आलात म्हणजे सुटलात असंही नाही. कपड्यातलं पाणी वाळायला उष्णता लागते, एका लिटरला जवळजवळ 580 किलोकॅलरी, आणि त्यातली बरीचशी तुमच्या अंगातूनच जाते. तळ्यावर वारा अडवायला काही नसतं, त्यामुळे हे सगळं भराभर होतं. जीन्सची पँट तर पाणी धरून बसते. लहान मुलं लवकर गारठतात. वजनाच्या मानाने त्यांचं अंग जास्त उघडं पडतं. आमच्याकडच्या चार मोठ्यांनी आपापले शर्ट काढून तिला गुंडाळलं आणि मग चौघेही कुडकुडत चाललो. ही काही योजना नव्हे.

कोणी भिजलंच तर आधी आडोसा, मग ओलं सगळं काढायचं, अंग टिपायचं (खसाखसा चोळायचं नाही), कोरडं घालायचं, डोकं झाकायचं, गोड गरम काहीतरी पाजायचं. दारू नाही. तिने ऊब आल्यासारखं वाटतं, पण कातडीकडचा रक्तपुरवठा वाढून आतली उष्णता उलट बाहेर जाते. आणि थरथर एकदम थांबली, माणूस अडखळत बोलायला लागला, पेंगायला लागला, तर तो बरा होत नाहीये. अंगाचं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की मामला गंभीर असतो. तेव्हा तोंडात काही न घालता थेट मदतीला फोन.

यातल्या प्रत्येक पायरीला कोरडे कपडे लागतात, हे लक्षात आलं का?

आता ज्यांना मुद्दाम उतरायचं आहे त्यांच्यासाठी. हाताने वरचं पाणी चाचपून ‘कोमट आहे’ म्हणू नका. उन्हाळ्यात खोल तळ्यात ऊन तापवतं ते वरच्या थराला. खालचं पाणी जड आणि गारच राहतं, दोन्ही सहजी मिसळत नाहीत. काठावर कोमट आणि जरा खोलात पोटऱ्या गोठतायत, असं होतं. पाणी 15 अंशांच्या खाली असेल तर एकदम उडी मारल्यावर नकळत मोठा श्वास ओढला जातो, आणि तो पाण्याखाली ओढला गेला तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. हळूहळू उतरा. अचानक पडलात तर पहिलं मिनिट-दीड मिनिट हातपाय झाडू नका, पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात आला की मग पोहा. सूर तर मारूच नका. खाली दगड आहे की गाळ, दिसत नाही, आणि मान एकच असते.

लाईफ जॅकेट विकत घेताना आतल्या लेबलवरचा न्यूटनचा आकडा वाचा, म्हणजे ते किती जोराने तरंगवून धरतं ते. 50 न्यूटनचं ज्याला पोहता येतं त्याच्यासाठी; न येणाऱ्याला किमान 100. मुलांच्या जॅकेटला जांघेतून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं. फुगवायचे पलंग, हंस, बदकं घरी ठेवा. काठाकडून आत वाहणारा वारा त्यांना पोहून गाठता येणार नाही इतक्या वेगाने नेतो.

मुलं पाण्याजवळ असतील तेव्हा एका मोठ्या माणसाचं काम फक्त बघणं. गप्पा नाहीत, मोबाइल नाही, अर्ध्या तासाने पाळी बदला. बुडणारा बहुतेकदा ओरडत नाही; तोंड पाण्याच्या पातळीला, श्वासच पुरत नाही तर हाक कुठून मारणार? आणि वाचवायला मागोमाग उडी टाकू नका. काठी पुढे करा, दोर फेका, रिकामा बंद कॅन फेका. आमच्या वेळी माझा नवरा कपड्यांसकट उतरला. पाणी उथळ होतं म्हणून निभावलं. आणि हो, त्याच्यासाठीही कोरडा जोड नव्हता.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर त्या दिवशी कोणीच उतरायचं नाही. नीलहरित शेवाळ विषारी असू शकतं. आहे की नाही ते नुसतं बघून कळत नाही आणि पाणी उकळून विष जातही नाही. कुत्र्याला तर दोरी लावूनच ठेवा. तो पाणी पितो, वर अंग चाटतो.

गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, एकट्या झाडाखाली नाही, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत. वीज दिसल्यावर तीन सेकंदांनी आवाज म्हणजे एक किलोमीटर, पण मोजत बसू नका, निघा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा.

फाटक किती वाजता बंद होतं ते जाताना वाचा, येताना नाही. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. आपण वाटेवर नेमके कुठे आहोत हे फोनवर सांगता यायला हवं. फलकांवर नंबर असतील तर त्यांचे फोटो काढत चला. गवतातून फिरलात तर गोचीड बघा: गुडघ्यामागे, काखेत, केसांत. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-काडेपेटीचे प्रयोग नकोत. सनस्क्रीन दर दोन तासांनी. शेगडी गवतावर नको. कचरा परत. गाडीची किल्ली चेन असलेल्या खिशात.

घरी आलात की ओल्या कपड्यांची पिशवी त्याच रात्री उघडा, नाहीतर वास धरतो. आणि धुतलेला जोड कपाटात न ठेवता परत त्याच पाठीवरच्या पिशवीत भरा. मोज्यांसकट.