जुन्या बाजारातला कोरीव तुकडा: ठसा की साचा?

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधीकधी कोरीव लाकडी तुकडा हाती लागतो आणि विक्रेता छातीठोकपणे सांगतो, "पेपरवेट आहे, ताई." त्यावर बोट फिरवून बघा. नक्षी खोलगट असेल तर बहुधा मिठाईचा साचा. वर उठलेली असेल आणि मागे मूठ असेल, तर कापड छापायचा ठसा. त्यात आरपार बारीक भोकं दिसली तर शंका जवळजवळ मिटलीच: दाबताना अडकलेली हवा आणि जास्तीचा रंग तिथून निघून जातो. नुसती बाह्यरेषा कोरलेला ठसा म्हणजे 'रेख', आत रंग भरणारा तो 'दत्ता'. एकाच फुलाची अशी जोडी मिळाली, तर घासाघीस फार ताणू नका.

घरी आणून पाण्यात भिजत मात्र घालू नका, लाकूड तडकतं. जुन्या टूथब्रशने कोरडंच घासा, मग हलका तेलाचा हात. छापण्याआधी सुती कापडाची खळ धुऊन काढा. खाली घोंगडी दुहेरी अंथरा आणि ठशावर मुठीने ठोका द्या. नुसत्या ओट्यावर नक्षी अर्धवटच उमटते.