वेसेत ओळखताना या चुका टाळा

पाळी यायच्या आधी शरीर खूण देतं. पाळीची ठरलेली वेळ म्हणजे ‘वेसेत’, आणि त्या खुणेवरून ती ओळखणं म्हणजे यहुदी धर्मशास्त्रातली ‘वेसेत हागुफ’. त्या वेळी नवरा-बायको जवळ येत नाहीत, म्हणून हिशेब चोख लागतो. मिश्ना या जुन्या यहुदी धर्मग्रंथातल्या निद्दा प्रकरणाच्या नवव्या अध्यायात खुणाही दिल्या आहेत: जांभया, शिंका, बेंबीशी किंवा ओटीपोटात दुखणं, स्राव, हुडहुडी.

घोळ होतो तो या खुणा वहीत लिहिताना. एक जांभई आली की नवी नवरी नोंद करून मोकळी! एखादी जांभई किंवा शिंक कुणालाही येते, ती धरायची नाही. लागोपाठ आल्या, तर खूण.

त्याहून मोठी चूक म्हणजे पाळी आल्यावर आठवून लिहिणं. ‘काल पोटात दुखत होतं बहुतेक’, या ‘बहुतेक’वर काहीच ठरवता येत नाही. खूण जाणवली की लगेच लिहा: हुडहुडी, मंगळवार, दुपारी चार. नंतर पाळी आली नाही तरी ती ओळ खोडू नका. ही खूण भरवशाची नाही, हे तीच ओळ सांगते. ओळीने तीन वेळा त्याच खुणेमागून पाळी आली, तरच वेसेत पक्की होते. नुसता डाग पडला असेल तर तो पाळी म्हणून यात मोजत नाहीत.

आता तारीख. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो. मंगळवारी दिवेलागणीनंतर पाळी आली, तर ती बुधवारची रात्र झाली. रात्र आणि दिवस या दोन वेगळ्या ‘ओना’, म्हणजे वेळा, म्हणून तारखेपुढे ओनाही लिहा.

मोबाईलमधल्या ॲपवर विसंबू नका. ॲप २७, २८, २९ दिवसांची सरासरी काढून २८ सांगतं. धर्मशास्त्रात सरासरी चालत नाही, दोन पाळ्यांमधलं तेच अंतर तीनदा यावं लागतं. आणि अंतर मोजताना पहिला आणि शेवटचा, दोन्ही दिवस धरायचे. तिश्री या हिब्रू महिन्याच्या १ तारखेला पाळी आली आणि पुढची २९ला, तर अंतर २९, २८ नव्हे.

बाळंतपणानंतर किंवा गोळ्या सुरू असताना जुनी वही लावू नका, रब्बींना म्हणजे धर्मगुरूंना विचारा. इस्रायलमधल्या दिमोना-अश्दोदकडच्या आपल्या बेने इस्राएल मुलींना रब्बींशी बोलायला संकोच वाटत असेल, तर ‘योएत्सेत हलाखा’, म्हणजे या विषयात सल्ला देणाऱ्या स्त्रिया, आहेत. जेरुसलेमच्या निश्मत संस्थेत स्त्रियांना याचंच शिक्षण मिळतं. जाताना वही बरोबर न्या. आणि दुखणं सहन होईना, तर आधी डॉक्टर गाठा.