घोषणा नंतर, आधी मीटर वाचा

शाळेत पर्यावरणाचा उपक्रम सुरू करायचा म्हटलं की बैठकीत पहिली सूचना येते ती चित्रकला स्पर्धेची. दुसरी येते ५ जूनच्या फेरीची. मी विज्ञान शिकवते, शाळेचा पर्यावरण गटही सांभाळते, आणि या दोन्ही सूचना मी हसून वहीत लिहून घेते आणि मागे ठेवते. आपली शाळा किती पाणी ओतते, किती वीज जाळते आणि रोज किती कचरा बाहेर काढते हे मुलांनी स्वतः मोजलेलं नसेल, तर फलकावर लिहिणार काय? ‘पाणी वाचवा’? ते त्यांना पहिलीपासून पाठ आहे.

तेव्हा आधी गट जमवा. दहा-पंधरा मुलं पुरेत, पण वेगवेगळ्या इयत्तांतली. वर्गातली हुशार, शिस्तीची मुलंच निवडायची आपली सवय इथे मोडावी लागते. सतत काहीतरी उचकटत बसणारा मागच्या बाकावरचा मुलगा गळका नळ शोधण्यात सगळ्यांच्या पुढे असतो. मोठ्यांमध्ये एक शिक्षक हवा, कार्यालयातली बिलं बघणारी व्यक्ती हवी आणि सफाईचं काम करणाऱ्यांपैकी कुणीतरी हवंच. कचरा कुठे तयार होतो, तो कुठे जातो आणि कुठला नळ किती महिने ठिबकतोय, हे मुख्याध्यापकांपेक्षा सफाईच्या मावशींना जास्त ठाऊक असतं. त्यांना बैठकीत खुर्ची द्या आणि बैठक त्यांच्या कामाच्या वेळेतच ठेवा, नाहीतर तो त्यांच्यावर जादा बोजा होतो.

मुख्याध्यापकांकडून एक गोष्ट लेखी मागून घ्या: गटाने गळतीची किंवा बिघाडाची तक्रार दिली, की ठरलेल्या दिवसांत दुरुस्ती होईल किंवा ‘का होत नाही’ याचं उत्तर मिळेल. ही एक ओळ मला अख्ख्या उपक्रमाहून मोलाची वाटते. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना मोठ्यांच्या हेतूसाठी वापरणं, सजावट म्हणून उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं. पाहुण्यांच्या हस्ते रोप लावताना टाळ्या वाजवायला उभी केलेली मुलं कुठल्या पायरीवर आहेत, ते तुम्हीच ठरवा.

आता मोजमाप. पाण्यापासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं, कारण निकाल डोळ्यांना दिसतो. शाळा सुटल्यावर पाण्याच्या मीटरचा आकडा टिपायचा, सकाळी शाळा भरण्याआधी पुन्हा टिपायचा. रात्री टाकी भरत नसेल आणि कुणी पाणी वापरत नसेल, तर दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत. फरक पडला तर कुठेतरी गळती आहे आणि शोधमोहीम सुरू. मीटर नसेल तर गळक्या नळाखाली मापाचं भांडं दहा मिनिटं धरा. १०० मिलिलिटर जमलं, तर त्याला १४४ ने गुणायचं, कारण दिवसात दहा मिनिटं तितक्या वेळा येतात. एका नळातून दिवसाला १४.४ लिटर. हे गणित सहावीतलं मूल फळ्यावर करून दाखवतं, तेव्हा दुरुस्तीला माणूस लवकर येतो असा माझा अनुभव आहे.

विजेचंही तसंच. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो. वर्गात चार पंखे आणि चाळीस मिनिटांची मधली सुट्टी, म्हणजे रिकाम्या वर्गात ०.२ युनिट गेलं. असे वीस वर्ग असतील तर एका सुट्टीत चार युनिट. दिवे-पंखे बंद करायला वर्गात पाळीने दोघे नेमा आणि कुठलं बटण कशाचं ते बटणांशेजारी चिकटवा. बटण सापडत नाही म्हणून कितीतरी पंखे फिरत राहतात. सुट्टीच्या दिवशीचं मीटरसुद्धा एकदा जरूर वाचा. बंद शाळा किती वीज खाते हे पाहून कार्यालयालाच धक्का बसतो.

कचऱ्याच्या मोजणीला मात्र तयारी लागते. दिवस आधी जाहीर करू नका, नाहीतर त्या दिवशी सगळे शहाण्यासारखे वागतात. दिवसभराचा कोरडा कचरा आणि उरलेलं अन्न वेगळं गोळा करून ताडपत्रीवर पसरायचं, हातमोजे घालून कागद, प्लास्टिक, धातू, अन्न आणि इतर असे ढीग करायचे आणि वजन करायचं. स्वच्छतागृहांतला कचरा, फुटलेली काच, प्रयोगशाळेतलं काहीही मुलांच्या हाती द्यायचं नाही, यात सूट नाही. वजनासोबत प्रत्येक ढिगाने किती पिशव्या भरल्या तेही लिहा. प्लास्टिक वजनाला किरकोळ भरतं आणि जागा मात्र सगळ्यात जास्त खातं. नुसते किलो पाहिले तर ते सुटून जातं. कागदाच्या ढिगात एकाच बाजूने छापलेले किती, हे मोजायला विसरू नका. तो आकडा बहुधा शिक्षकांच्या खोलीकडे बोट दाखवतो, आणि मुलांना ते फार आवडतं.

एवढं हाती आलं की एकच प्रश्न निवडा. गळती तर गळती, कागद तर कागद. पाच आघाड्या एकदम उघडणाऱ्या शाळांत सहामाहीपर्यंत एकही शिल्लक राहत नाही. उद्दिष्टात आकडा आणि तारीख हवी. ‘जागरूकता वाढवणे’ मोजता येत नाही. दोन रंगांचे डबे ठेवणं हा सगळ्यांचा लाडका उपाय, पण ते ठेवण्याआधी दोन्ही डबे शेवटी कुठे रिकामे होतात ते बघून या. मुलांनी निगुतीने वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत पडताना त्यांनी पाहिला, की उपक्रम त्याच दिवशी संपला समजा.

खताचा खड्डा करणार असाल तर ओल्या कचऱ्याच्या दुपटीने-तिपटीने वाळका पाला तयार ठेवा. पाल्यात कार्बन जास्त असतो, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन; दोन्हींचं प्रमाण साधारण ३० ला १ राहिलं की खत नीट कुजतं. वास यायला लागला तर बहुतेक वेळा ओल जास्त असते किंवा हवा कमी. पाला मिसळून ढीग वरखाली करा. ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतका. तेलकट शिजलेलं अन्न आणि मांस टाकू नका, उंदीर येतात. आणि लांब सुट्टीत ढिगाकडे कोण बघणार, हे पहिलं पोतं टाकण्याआधी ठरवा. झाडांचंही तेच: सुट्टीत जितकी जगवता येतील तितकीच लावा, मग ती चारच का असेनात.

लहान वर्गांना वितळत्या हिमनद्या आणि नामशेष होणाऱ्या प्राण्यांची भीती घालू नका. त्यांना नळ द्या, रोप द्या, ज्याचा निकाल त्यांच्या हातात आहे असं काम द्या. ‘घरी वीज वाचवली’ यावर पालकांची सही आणायला लावू नका. आदल्या रात्री महिनाभराचे रकाने एकदम भरले जातात.

इको-स्कूल्स नावाचा उपक्रम १९९४ पासून अनेक देशांत चालतो. त्यात गट, पाहणी, कृती-आराखडा अशा सात पायऱ्या असतात आणि शेवटी हिरवा ध्वज मिळतो. चौकट चांगली आहे. तरीही पहिल्या वर्षी अर्ज करू नका, असं मी सांगेन. ध्वज डोळ्यांसमोर आला की आकडे सजायला लागतात. त्यापेक्षा कार्यालयाशी बोलून बिलात वाचलेल्या पैशांतला काही वाटा गटाला मिळवून द्या आणि तो कशावर खर्चायचा ते मुलांना ठरवू द्या. मग मीटर वाचायला कुणाला आठवण करावी लागत नाही.

गटात निम्मी मुलं अशा इयत्तांची घ्या, जी पुढच्या वर्षीही शाळेत असतील. वही एकच ठेवा. तिच्या पहिल्या पानावर मीटरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, दुरुस्तीसाठी कुणाला सांगायचं आणि वजनकाटा कुठल्या कपाटात आहे, एवढं लिहा. आकडे दुसऱ्या पानापासून.