कारशिवाय उत्तर इंग्लंड फिरताय? या चुका टाळा

लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स, व्हिटबी, हेड्रियनची भिंत, सगळं रेल्वेने आणि बसने छान बघून होतं. मी लीड्सला राहते, गाडी चालवत नाही आणि सुट्टी मिळाली की याच भागात भटकते. उन्हाळा जवळ आला की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे आराखडे माझ्याकडे तपासायला येतात, आणि दरवर्षी त्यांत त्याच त्या चुका असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जायची बस शोधून ठेवायची आणि परतीचं तिथे गेल्यावर बघू म्हणायचं.

माझी मावसबहीण आणि भावजी जूनमध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावी उतरले होते. तिथून ७७ नंबरची बस बटरमियर या तळ्याकाठच्या गावाला जाते. ७७ आणि ७७ए एकाच वर्तुळावर उलटसुलट दिशांनी धावतात. फेऱ्या मोजक्याच आणि हिवाळ्यात बंद. शेवटची बस कितीची, ते मी ताईला लिहून दिलं होतं. दोघांनी तळ्याला सावकाश पूर्ण फेरी मारली, चहा घेतला. ताई घाई करायला लागली तर भावजी म्हणाले, "अगं, ऊन बघ केवढं आहे! एवढ्यात कशी असेल शेवटची बस?" जूनमध्ये तिकडे सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. डोंगरातल्या बस त्याच्या कितीतरी आधी बंद होतात. थांब्यावर पोचले तर खांबावरच्या कागदावर पुढची बस दुसऱ्या दिवशी सकाळची. फोनला रेंज नाही. ताईचा गुडघा दुखरा, त्यामुळे हॉनिस्टरची खिंड चढून पलीकडे सीटोलरला ७८ नंबरची बस गाठायचा प्रश्नच नव्हता. शेवटी एका हॉटेलवाल्याने आपल्या लँडलाइनवरून केझिकची टॅक्सी बोलावली. तिला यायला तास लागला, आणि पूर्ण आठवड्याच्या बसभाड्याचे पैसे त्या एका फेरीत गेले.

म्हणून मी दिवस उलटा लावते. आधी शेवटची बस शोधते, मग तिच्या आधीची. परत यायचं ते त्या आधीच्या बसने. शेवटची धरायचीच नाही, ती अडीअडचणीला ठेवायची. उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढते आणि मगच पाठीवर सॅक चढवते. यात दोन मिनिटं जातात. ज्यांना ती दोन मिनिटं जड वाटतात त्यांनी खुशाल टूरची बस धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे चुकीच्या दिवसाचं वेळापत्रक. मार्चमध्ये घरी बसून फोनच्या नकाशात शोधायचं आणि जुलैतही तेच असेल असं धरून चालायचं. तिकडे बसचं उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक वेगळं असतं. हेड्रियनच्या भिंतीच्या कडेने जाणारी एडी१२२ तर हंगामीच. रविवारी गावोगावच्या नेहमीच्या बस कमी होतात, काही मुळीच नसतात. उलट डेल्समध्ये काही बस उन्हाळ्यातल्या फक्त रविवारी आणि बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) धावतात. रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत खुणा असतात, त्यांतली एक फक्त शाळेच्या दिवसांची. शाळांच्या सुट्टीत नेमकी तीच बस धरून आखलेले दोन आराखडे मी स्वतः दुरुस्त केलेत. शोधताना खरी तारीख घाला, मग बस कंपनीच्या पानावर ताडून बघा, आणि निघायच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा बघा. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात आणि रेल्वेऐवजी बस देतात, तेही तेव्हाच कळतं.

स्टेशनच्या नावावर विसंबून हॉटेल बुक करू नका. सेटल-कार्लाइल मार्गावरचं डेंट हे इंग्लंडमधलं सर्वांत उंचावरचं मेनलाइन स्टेशन, १,१५० फुटांवर. डेंट गाव तिथून खाली दरीत, चार मैल दूर. विंडरमियर स्टेशनवरून त्याच नावाचं तळं दिसत नाही. ते खाली बोनेसला, दीड मैलावर. केझिकला तर १९७२ पासून रेल्वेच नाही, पेनरिथला उतरून बस घ्यायची. व्हिटबीला स्टेशन आहे, पण मिडल्सबरोहून दिवसाला थोड्याच गाड्या. मी लीड्सहून ८४० नंबरच्या बसने जाते. ती यॉर्क, पिकरिंग करत माळरानावरून जाते आणि वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर तो प्रवासच बघण्यासारखा असतो.

तीन दिवसांत विंडरमियर, केझिक, यॉर्क आणि एडिंबरा असा आराखडा आला की मी तो सरळ परत पाठवते. रोज बॅगा ओढत हॉटेल बदलू नका. लहान स्टेशनांवर सामान ठेवायची सोय नसते. एकाच गावी मुक्काम करा, बसथांब्यापासून पाच मिनिटांवर. लेक डिस्ट्रिक्टसाठी मी ॲम्बलसाइड सुचवते, कारण केंडल ते केझिक धावणारी ५५५ तिथूनच जाते.

तिकिटांचं थोडक्यात. रेल्वेचं आधी काढायचं स्वस्त ॲडव्हान्स तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. जाताना ते घ्या, पण दिवसभर डोंगर चढून परतायचं असेल तर ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून कोणत्याही गाडीला चालणारं, घ्या. दोघांसाठी टू टुगेदर या रेल्वेच्या सवलतकार्डाने (रेलकार्डाने) एक तृतीयांश भाडं वाचतं, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर सीनियर रेलकार्ड काढा. ते भारतातून आलेल्यांनाही मिळतं. बसचा मोफत पास मात्र तिथल्या रहिवाशांनाच. २०२५ पासून बहुतेक बसचं एका वेळचं भाडं जास्तीत जास्त ३ पौंड आहे. तीन-चार बस बदलणार असाल तर ड्रायव्हरला दिवसाचं तिकीट विचारा.

थांब्यावर नुसतं उभं राहू नका. एसटीसारखाच हात दाखवा, नाहीतर बस निघून जाते.

मँचेस्टरला पिकॅडिली आणि व्हिक्टोरिया ही वेगळी स्टेशनं आहेत. तिकिटावर कोणतं आहे ते वाचा.

२५ डिसेंबरला रेल्वे बंद, बसही जवळजवळ नाहीतच, आणि २६ लाही फारसं काही धावत नाही. नाताळात जाणार असाल तर २४ ला दुपारपर्यंत मुक्कामी पोचा आणि दोन दिवसांचं खाणंपिणं सोबत ठेवा.